मराठी प्रबंधातील शीर्षकांची मांडणी : लाटेकमधील एका दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

मराठी भाषाविज्ञानातील एक पीएचडी प्रबंध विद्यापीठाच्या कार्यालयाने छपाईपूर्व तपासणीत परत पाठवला, तेव्हा सोबतच्या पत्रात आशयाविषयी एक अक्षरही नव्हते. सहाच्या सहा शेरे शीर्षकांविषयी होते. प्रकरणाच्या शीर्षकावर फार मोकळी जागा सुटली आहे, विभागांची शीर्षके ठरवून दिलेल्या आकाराची नाहीत, उपविभागांची शीर्षके ठळक नाहीत, अनुक्रमणिकेतील काही पृष्ठक्रमांक चुकले आहेत, परिशिष्टांना ‘प्रकरण’ म्हटले आहे, आणि दोन ठिकाणी शीर्षक पानाच्या तळाशी एकटेच राहिले असून त्याखालचा मजकूर पुढच्या पानावर गेला आहे. संशोधक बाई महाविद्यालयात शिकवतात. नोकरी सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले होते आणि सादरीकरणाची मुदत तीन आठवड्यांवर आली होती. त्यांच्यासोबत बसून मी ती फाइल दुरुस्त केली. पुढे आणखी दोघांनी हीच अडचण घेऊन विचारणा केली, म्हणून काय बिघडले होते आणि ते कसे नीट केले, हे सविस्तर लिहून ठेवत आहे.

प्रबंधाचा विषय मराठीतील ‘ने’ हा प्रत्यय. ‘त्याने आंबा खाल्ला’ असे आपण म्हणतो, पण ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘तू आंबा खाल्लास’ या वाक्यांत हा प्रत्यय येत नाही. प्रथम आणि द्वितीय पुरुषी सर्वनामे तृतीय पुरुषापेक्षा वेगळी का वागतात, हा त्यातला मध्यवर्ती प्रश्न. अशा लेखनात प्रत्येक उदाहरणाखाली शब्दाला शब्द लावून व्याकरणिक फोड द्यावी लागते, उदाहरणांना सलग क्रमांक द्यावे लागतात, आणि शंभर पानांनंतर ‘उदाहरण ४७ पाहा’ असे म्हणताना तो क्रमांक बरोबर असावा लागतो. त्यासाठी लाटेकसारखे साधन नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली सिद्ध केली, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात तिच्यावर लाटेक उभारले, आणि गणिताइतकाच भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनाही त्याचा आधार झाला. बाईंनी उदाहरणांसाठी लाटेक निवडले होते आणि उदाहरणे उत्तम मांडलीही होती. शीर्षकांकडे मात्र लक्ष द्यायला सवड झाली नव्हती.

विद्यापीठाची नियमावली अशी होती : प्रकरणाचे शीर्षक नव्या पानावर पहिल्या ओळीपासून, मध्यभागी, १६ पॉइंट ठळक, विभागाचे शीर्षक डावीकडे, १४ पॉइंट ठळक, उपविभागाचे १२ पॉइंट ठळक, मजकूर १२ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, डावा समास दीड इंच. प्रकरणाचे शीर्षक कॅपिटल अक्षरांत असावे, असेही एक कलम होते. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नसतात. ही नियमावली बहुधा इंग्रजीसाठी लिहिली गेली आणि मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनाही तशीच लागू केली जाते, ही गोष्ट मला मनापासून खटकते. पण त्याविषयी पुढे.

मूळ फाइलची तपासणी

फाइल उघडल्यावर दिसले, की प्रकरणांसाठी चॅप्टर हा आदेश वापरला आहे आणि त्याची शैली एका जुन्या सहकाऱ्याच्या फाइलमधून उचललेली आहे. विभाग आणि उपविभाग मात्र हाताने घडवलेले होते. प्रत्येक ठिकाणी फ्लशलेफ्ट हा डावीकडे मजकूर लावणारा परिसर उघडायचा, त्यात आकार आणि ठळकपणा सांगायचा, ‘४.३’ असा क्रमांक टंकित करायचा, शीर्षक लिहायचे, परिसर बंद करायचा. आणि या सगळ्याच्या आधी अनुक्रमणिकेत नोंद टाकणारा आदेश वेगळा द्यायचा. कागदावर हे शीर्षक दिसते, पण लाटेकच्या लेखी तो एक ठळक परिच्छेद असतो. पुढच्या मजकुराशी त्याचे नाते आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

बाईंनी विचारले, “अनुक्रमणिकेतली नोंद मी शीर्षकाला चिकटूनच लिहिली आहे. मग पान कसे चुकते?” उत्तर पान तुटण्याच्या जागेत आहे. अनुक्रमणिकेची नोंद ही टेकच्या दृष्टीने एक अदृश्य खूण असते, आणि ती ज्या पानावर पडते त्या पानाचा क्रमांक घेते. नोंद शीर्षकाच्या आधी लिहिलेली, शीर्षक पानाच्या शेवटाशी आलेले, आणि पान नेमके या दोहोंच्या मध्ये तुटले, की खूण मागच्या पानावर राहते आणि शीर्षक पुढच्या पानावर जाते. म्हणूनच चुकलेले सगळे क्रमांक बरोबर एकाने कमी होते. त्यांच्या लक्षात आले, की ही चूक दर वेळी वेगळ्या विभागाला होते, कारण मधला एखादा परिच्छेद वाढला की पाने सरकतात. हाताने क्रमांक सुधारून हा प्रश्न कधीच संपला नसता.

तळाशी एकटे राहिलेल्या शीर्षकांचे कारण याहून बोलके आहे. फ्लशलेफ्ट किंवा सेंटर हे परिसर संपताना लाटेक तिथे उणे ५१ असा दंडांक ठेवते. पान कुठे तोडावे हे ठरवताना टेक या दंडांकांची बेरीज-वजाबाकी करते. धन दंडांक म्हणजे ‘इथे तोडू नका’ आणि ऋण दंडांक म्हणजे ‘इथे तोडल्यास बरे’. हाताने शीर्षक घडवणारा माणूस अशा रीतीने प्रत्येक शीर्षकाच्या लगेच खाली, जिथे पान कधीही तुटू नये नेमक्या त्याच जागी, पान तोडण्याचे निमंत्रण लिहून ठेवतो. सेक्शन हा मूळ आदेश वापरला असता, तर तिथे तोडण्याला पूर्ण मनाई असते आणि शीर्षकाखाली परिच्छेदाची एकच ओळ ठेवून पान उलटणेही टाळले जाते.

म्हणून पहिले काम सजावटीचे नव्हते. हाताने घडवलेले प्रत्येक शीर्षक काढून त्या जागी सेक्शन किंवा सबसेक्शन हा आदेश घातला, टंकित क्रमांक पुसले, अनुक्रमणिकेच्या वेगळ्या नोंदी पुसल्या. हे करताना चौथ्या प्रकरणात दोन वेगळ्या विभागांना ४.३ हाच क्रमांक दिला गेल्याचे निघाले. ते कुणाच्याच नजरेत आले नव्हते, मार्गदर्शकांच्याही नाही.

शैली ठरवण्याची जागा

रिपोर्ट या क्लासमध्ये, म्हणजे दस्तऐवजाच्या मूळ साच्यात, सेक्शनची शैली एका आतल्या आदेशातून येते, आणि त्याला सहा गोष्टी सांगाव्या लागतात : नाव, पातळी, डावीकडची सूट, वरची जागा, खालची जागा आणि अक्षरांची शैली. वरची जागा ऋण लिहिली तर शीर्षकानंतरच्या पहिल्या परिच्छेदाची सूट जाते. खालची जागा ऋण लिहिली तर शीर्षक मजकुराच्याच ओळीत सुरू होते. चिन्हाला असा दुहेरी अर्थ दिल्यामुळे ही रचना नवख्याला फसवते. लाटेकला जोडता येणाऱ्या तयार आदेशसंचाला पॅकेज म्हणतात. यातून सुटका करणारे पॅकेज म्हणजे हाव्हियेर बेझोस यांचे टायटलसेक. १९९८ पासून ते वापरात आहे. बाईंच्या फाइलमध्ये क्लास रिपोर्ट असल्यामुळे ते निर्धोक होते. कोमास्क्रिप्ट या दुसऱ्या संचाचे क्लास वापरणाऱ्यांनी टायटलसेकच्या वाटेला जाऊ नये. त्या क्लासांत शीर्षकांसाठी स्वतःचे आदेश आहेत आणि दोन्ही एकत्र आणल्यास भांडण होते. मेमॉयर क्लासचीही स्वतंत्र व्यवस्था आहे.

टायटलसेकमध्ये शीर्षकाचे रूप टायटलफॉरमॅट या आदेशाने आणि भोवतालची जागा टायटलस्पेसिंग या आदेशाने ठरते. टायटलफॉरमॅटला क्रमाने सांगायचे ते असे : कोणत्या पातळीचे शीर्षक; त्याचा आकारबंध कोणता; संपूर्ण शीर्षकाला लागू होणारी शैली; क्रमांकाचा मजकूर; क्रमांक आणि शीर्षक यांतले अंतर; आणि शीर्षकाच्या अगदी आधी चालवायचे आदेश. आकारबंधांपैकी आम्हाला दोनच लागले. ‘डिस्प्ले’मध्ये ‘प्रकरण ५’ एका ओळीत आणि शीर्षक खालच्या ओळीत येते. ‘हँग’मध्ये क्रमांक डावीकडे राहतो आणि लांब शीर्षकाची दुसरी ओळ क्रमांकाखाली न जाता शीर्षकाच्याच पहिल्या अक्षराखाली सुरू होते. या प्रबंधात ‘प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांतील ने-प्रत्ययाचा अभाव आणि त्याची ऐतिहासिक कारणे’ अशी शीर्षके होती, त्यामुळे ‘हँग’ने फार फरक पडला.

आकार, ओळींतील अंतर आणि देवनागरी

कार्यालयाचा दुसरा शेरा आकाराविषयी होता. बाईंनी काही प्रकरणांत ‘लार्ज’ आणि काहींत मोठ्या एलचे ‘लार्ज’ वापरले होते. मजकूर १२ पॉइंट असताना या क्लासमध्ये धाकटे लार्ज १४.४ पॉइंट असते आणि थोरले १७.२८, त्यापुढची पायरी २०.७४ आणि सर्वांत मोठी २४.८८. नियमावलीतले १४ आणि १६ हे आकडे या पायऱ्यांवर येतच नाहीत. म्हणून पायऱ्यांची नावे सोडून फॉन्टसाइज या आदेशाने आकार थेट सांगणे हाच मार्ग होता. जाता जाता : टेकचा पॉइंट म्हणजे इंचाचा ७२.२७ वा भाग, तर वर्ड आणि पीडीएफ ज्या पॉइंटने मोजतात तो इंचाचा ७२ वा भाग. १६ पॉइंटांत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पीडीएफमध्ये आकार तपासणाऱ्याला १५.९४ असा आकडा दिसू शकतो. आम्ही शीर्षकांचे आकार ‘बीपी’ या, म्हणजे इंचाच्या ७२ व्या भागाच्या, एककात लिहिले आणि तो प्रश्नच ठेवला नाही.

फॉन्टसाइजला दोन संख्या लागतात, अक्षराचा आकार आणि आधाररेषेपासून आधाररेषेपर्यंतचे अंतर. इंग्रजी फाइलींतून उचललेल्या शैलीत १६ वर १९ किंवा २० असे प्रमाण असते. आम्हीही आधी तेच ठेवले, आणि दोन ओळींचे वरचे शीर्षक छापून पाहिले. पहिल्या ओळीतील ‘पुरुषी’मधल्या ‘पु’चा उकार खाली उतरला होता, आणि दुसऱ्या ओळीतील ‘ऐतिहासिक’ची मात्रा आणि वेलांट्या वर चढल्या होत्या, दोन्ही एकमेकांत अडकून कागदावर एक काळा ठिपका झाला होता. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असा दोन्ही बाजूंना पसारा असतो, शिवाय शिरोरेषेमुळे ओळीचा वरचा काठ एकसंध दिसतो. माझ्या अनुभवात मराठी शीर्षकाला आकाराच्या दीडपट अंतर द्यावे. आम्ही १६ ला २४, १४ ला २१ आणि १२ ला १८ असे ठरवले.

तरीही दोन ओळींचे शीर्षक फाटल्यासारखे दिसू लागले, आणि याचे कारण सापडायला एक संध्याकाळ गेली. मजकुरातले दीडपट अंतर सेटस्पेस या पॅकेजने दिले होते. १२ पॉइंटच्या मजकुराला त्याचा दीडपटीचा आदेश प्रत्यक्षात १.२४१ हा गुणक लावतो. मूळचे अंतर १४.५ पॉइंट असल्याने गुणाकार जवळजवळ १८ येतो, म्हणजे १२ च्या दीडपट. हा गुणक मजकुरापुरता न राहता शीर्षकांनाही लागतो. आमचे २४ त्यामुळे जवळजवळ ३० झाले होते. टायटलफॉरमॅटच्या शैलीच्या जागी, आकार सांगण्याच्या आधी, गुणक १ करणारा आदेश घातला आणि शीर्षकाच्या दोन ओळी पुन्हा एकत्र आल्या. दीडपट किंवा दुप्पट अंतराची सक्ती असलेल्या प्रत्येक प्रबंधात ही खोड असते, इंग्रजीतल्याही.

शीर्षकाच्या वरची आणि खालची जागा हा यातला सर्वांत नाजूक भाग. मूळ क्लासमध्ये सेक्शनच्या वर साडेतीन ‘एक्स’ आणि खाली २.३ ‘एक्स’ जागा असते. ‘एक्स’ म्हणजे लॅटिन लिपीतल्या एक्स या अक्षराची उंची. देवनागरी पानाला ही मोजपट्टी लावण्यात अर्थ नाही, म्हणून जागा पॉइंटमध्ये लिहिली. वाचकाची नजर शीर्षकाखालच्या ओळीची शिरोरेषा पकडते, आणि शीर्षकाच्या वरचे अंतर खालच्यापेक्षा स्पष्टपणे मोठे असेल तरच शीर्षक आपल्या मजकुराला धरून आहे असे वाटते. आम्ही विभागाच्या वर १८ आणि खाली ६ पॉइंट ठेवले. वरच्या जागेला चार पॉइंट वाढण्याची आणि दोन पॉइंट आकसण्याची मुभा दिली, म्हणजे पान भरताना टेकला थोडी हालचाल करता येते. बाईंना सुरुवातीला ६ फार कमी वाटले. छापील पान हातात घेतल्यावर त्यांनी स्वतःच ते कायम केले.

ठळकपणा

तिसरा शेरा उपविभागांचा. १२ पॉइंटचे उपशीर्षक आणि १२ पॉइंटचा मजकूर यांत फरक दाखवायला ठळकपणा एवढीच एक गोष्ट नियमावलीने ठेवली आहे, आणि बाईंनी निवडलेल्या फॉन्टला ठळक वजनच नव्हते. अशा वेळी लाटेक अडत नाही. साधे वजन वापरते आणि लॉगमध्ये, म्हणजे जुळणीच्या नोंदवहीत, एक सूचना लिहून पुढे जाते. ती सूचना शेकडो ओळींत हरवली होती. संगणकावरचे फॉन्ट थेट वापरणाऱ्या झीलाटेक या लाटेकच्या रूपात कृत्रिम ठळकपणा आणता येतो, पण तो अक्षराची बाह्यरेषा सगळीकडून फुगवतो. आम्ही ‘महाराष्ट्रातील’ हा शब्द त्या रीतीने छापला तेव्हा ‘ष्ट्र’मधल्या पोकळ्या बुजल्या आणि शिरोरेषा पट्टीसारखी झाली. खरे ठळक वजन असलेला फॉन्ट घेणे हाच उपाय होता.

आम्ही शोभिका घेतला. आयआयटी मुंबईच्या विज्ञान आणि वारसा उपक्रमातून तयार झालेला हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, साध्या आणि ठळक अशा दोन वजनांत मिळतो, जोडाक्षरांचा मोठा संच त्यात आहे आणि लॅटिन अक्षरेही आहेत. तिरपे वजन त्यात नाही, आणि देवनागरी शीर्षकासाठी ते लागूही नये. तिरपेपणा ही लॅटिन लिपीची सवय आहे. कॅपिटल नाहीत, तिरपे अक्षर नको, तर मराठी शीर्षकांची उतरंड आकार, वजन आणि मोकळी जागा या तिघांनीच दाखवावी लागते. म्हणूनच वरच्या १८ आणि ६ पॉइंटांसाठी आम्ही इतका वेळ घालवला. कॅपिटल अक्षरांचे कलम मराठी शीर्षकाला लागू होऊ शकत नाही, असे एक ओळीचे पत्र मार्गदर्शकांच्या सहीने फेरसादरीकरणाला जोडले. इंग्रजी सारांशाचे शीर्षक तेवढे कॅपिटलमध्ये केले.

फॉन्ट बदलल्यावर एक नवी अडचण आली. दुसऱ्या प्रकरणातील तीन शीर्षकांत उच्चारलेखनाची आंतरराष्ट्रीय चिन्हे होती आणि शोभिकाच्या ठळक वजनात त्यांतली काही नसल्याने तिथे रिकामी जागा छापली गेली. चिन्हांसाठी वेगळ्या फॉन्टचा आदेश शीर्षकात घातला, तर पीडीएफमधले दुवे आणि सूची तयार करणाऱ्या हायपररेफ या पॅकेजने तक्रार केली, कारण पीडीएफच्या बाजूच्या सूचीत फॉन्ट बदलता येत नाही. हायपररेफमध्ये छापील रूप आणि सूचीतले रूप वेगवेगळे देण्याचा आदेश आहे. तीन ठिकाणी तो वापरला.

‘प्रकरण’ आणि ‘परिशिष्ट’

उचललेल्या शैलीत क्रमांकाच्या जागी ‘प्रकरण’ हा शब्द थेट लिहिलेला होता. अपेंडिक्स हा आदेश दिल्यावर लाटेक आतल्या आत ‘प्रकरण’च्या जागी ‘परिशिष्ट’ घेते, पण थेट लिहिलेला शब्द त्याला बदलता येत नाही; म्हणून परिशिष्टाच्या कपाळी ‘प्रकरण ए’ आले. टायटलसेक यासाठी चॅप्टरटायटलनेम हा आदेश देते, जो जागा ओळखून योग्य नाव घेतो. तो घातला, आणि नावे मात्र बदलेनात. पॉलिग्लॉसिया हे बहुभाषिक पॅकेज दस्तऐवज सुरू होतानाच त्या भाषेची नावे नव्याने लावते, त्यामुळे प्रिअँबलमध्ये, म्हणजे मजकुरापूर्वीच्या सूचनांच्या भागात, केलेला बदल पुसला जातो. आपली नावे मराठीच्या कॅप्शन-आदेशात जोडून दिली, तेव्हा ती टिकली. अंक देवनागरी करण्याची सोय याच पॅकेजमध्ये भाषा सांगताना मिळते.

उरला तो ‘ए’. अपेंडिक्स आदेश प्रकरणक्रमांक लॅटिन मोठ्या अक्षरांत करतो. मराठीत परिशिष्टे अ, ब, क, ड अशी लावण्याची रीत आहे, आणि ती वर्णमालेच्या क्रमाची नसल्याने कोणत्याही तयार मोजणीत ती सापडत नाही. अपेंडिक्स आदेशानंतर प्रकरणक्रमांकाची व्याख्या बदलून पहिल्याला अ, दुसऱ्याला ब अशी यादी दिली. परिशिष्टातले विभाग आपोआप ‘अ.१’, ‘अ.२’ झाले.

अनुक्रमणिकेतही ‘प्रकरण ५’ असे पूर्ण हवे होते. त्यासाठी अनुक्रमणिकेचे रूप ठरवणारे टॉकलॉफ्ट हे पॅकेज ‘टायटल्स’ या पर्यायासह घेतले. तो पर्याय नसेल तर ‘अनुक्रमणिका’ या शब्दाचे रूप टॉकलॉफ्ट स्वतः ठरवते आणि बाकी शीर्षकांपेक्षा ते वेगळे पडते. क्रमांकासाठी क्लासने राखलेली जागा केवळ दीड ‘एम’ (एक ‘एम’ म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराएवढी रुंदी) असते, तिच्यात ‘प्रकरण ५’ मावत नाही आणि शीर्षक त्याच्यावर चढते. जागा वाढवताना मोजमाप ‘प्रकरण’चे न घेता ‘परिशिष्ट अ’चे घ्यावे, कारण ते रुंद आहे. आणि हा पूर्वशब्द अनुक्रमणिकेतल्या परिशिष्टांनाही लागतो, म्हणून परिशिष्टे सुरू होताना अनुक्रमणिकेच्या फाइलमध्येच शब्द बदलण्याची सूचना लिहून ठेवावी लागते. कार्यालयाचा पाचवा शेरा पुन्हा आला असता, तर तो याच जागी.

वरची मोकळी जागा

पहिला शेरा सर्वांत सोपा असेल असे वाटले होते. क्लास प्रकरणशीर्षकाच्या वर ५० पॉइंट, म्हणजे सुमारे १७.६ मिलिमीटर जागा सोडतो. ‘प्रकरण ५’ आणि शीर्षक यांत २० आणि शीर्षकाखाली ४०. टायटलस्पेसिंगमध्ये ५० चे शून्य केले, तरी शीर्षक समासरेषेला टेकले नाही. पानाच्या पहिल्या ओळीच्या हिशेबाची जागा तिथे उरतेच. पानाचे समास ठरवणाऱ्या जिऑमेट्री पॅकेजचा ‘शोफ्रेम’ पर्याय चालू केला, म्हणजे मजकुराची चौकट पानावर रेषांनी दिसते, आणि वरची जागा ऋण करत करत शीर्षकातील वेलांटीचा माथा चौकटीच्या आत राहील इतके वर घेतले. येथेही मोजायचे ते शिरोरेषेपासून नव्हे. तसे केल्यास वेलांटी समासात घुसते. खालची जागा ४० वरून २४ केली.

तळाशी एकट्या राहणाऱ्या शीर्षकांचा प्रश्न सेक्शन आदेश परत आणल्यानेच सुटला होता. एका ठिकाणी मात्र शीर्षक, त्याखाली प्रस्तावनेच्या दोन ओळी, आणि उदाहरणांचा न तुटणारा गठ्ठा पुढच्या पानावर असे झाले. टायटलसेकमध्ये तळाशी ठरावीक जागा उरली नसेल तर शीर्षक पुढच्या पानावर ढकलण्याचा पर्याय आहे. त्याची मूळची मर्यादा मजकुराच्या उंचीचा पाचवा भाग असते, ती दीडपट अंतराच्या पानाला उधळपट्टीची वाटली. आम्ही पाच ओळींची ठेवली.

काम संपल्यावर पॅकेजांच्या आवृत्त्या फाइलच्या माथ्यावर लिहून ठेवल्या. २०१६ मध्ये टायटलसेकच्या २.१०.१ या आवृत्तीत विभागांचे क्रमांक छापलेच जात नसत, ते पुढच्या आवृत्तीत सुधारले गेले. जुन्या संगणकावर प्रबंध पुन्हा जुळवण्याची वेळ आली आणि क्रमांक गायब झाले, तर दोष आपल्या फाइलमध्ये शोधत बसू नये एवढ्यासाठी ही नोंद.

प्रबंध मुदतीत सादर झाला आणि या वेळी शेरा आला नाही. तोंडी परीक्षेनंतर बहिःस्थ परीक्षकांनी पाचव्या प्रकरणाचे शीर्षक बदलण्याची सूचना केली. बाईंनी एका ओळीत ते बदलले. प्रकरणाचे पान, पानांवरचा शिरोलेख, अनुक्रमणिका आणि पीडीएफची सूची चारही ठिकाणी नवे शीर्षक आले. ते दोन ओळींचे झाले होते आणि पहिली ओळ ‘ने’वर संपून ‘प्रत्यय’ खाली गेला होता. त्यांनी मला न विचारता दोन शब्दांच्या मध्ये न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचे चिन्ह टाकले, फाइल पुन्हा चालवली, आणि ‘ने’ व ‘प्रत्यय’ दोन्ही खालच्या ओळीत एकत्र आल्याचे पान मला पाठवले.